फायलीतला तो अर्ज बाहेर काढा

कोथरूडहून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्या आहेत. त्यांच्याच शब्दांत, थोडं आटोपशीर करून देते.

«मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. १९८७ पासून याच सोसायटीत राहते. तळमजला अधिक तीन मजले, १६ बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, साडेनऊ गुंठ्यांचा प्लॉट आणि फाटकाशी इमारतीच्याही आधीपासूनचं जांभळाचं झाड. गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीतल्या अकरापैकी पाच इमारती पडल्या आणि तिथे खाली पार्किंग, वर सात मजले असं बांधकाम झालं. शेजारची इमारत २०२२ मध्ये पडली. तेव्हा मी महापालिकेला नऊ मुद्द्यांचा अर्ज लिहिला, गल्लीभर हिंडून सह्या गोळा केल्या. काही झालं नाही. आता आमच्याच सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचा विषय सभेपुढे आहे. १६ पैकी १२ जण तयार आहेत. तिसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण ७४ वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेत, आठवड्यातून एकदा खाली उतरते. सभेत मी ‘जरा विचार करू’ म्हटलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. सही केली, तर ज्याच्याविरुद्ध दारोदार फिरले तेच मी करणार. नाही केली, तर तिला जिन्यात अडकवून ठेवणार. मुलगी म्हणते, एवढा काय विचार करतेस. मला रात्री झोप लागत नाही.»

ताई,

आधी एक हिशोब सांगते, म्हणजे तुमच्या मनावरचं थोडं ओझं उतरेल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी राज्य सरकारने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी जो शासन निर्णय काढला, त्यानुसार सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. तुमच्या १६ जणांत गणसंख्या ११ ची आणि संमती ९ जणांची. तुमच्याकडे १२ तयार आहेत. म्हणजे इमारत तुमच्या सहीवाचून अडलेली नाही. अल्पमतातल्या सभासदाला बहुमताने झालेला रीतसर निर्णय रोखून धरता येत नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत घेतली आहे. तुम्ही सही नाकारलीत, तर गल्लीतली एक वीटही वाचणार नाही. फक्त ज्या टेबलावर अटी ठरतात, त्या टेबलावर तुम्ही नसाल.

माझं मत मी पहिल्यांदाच सांगून टाकते: सही करा. पण आत्ता, कोऱ्या संमतीपत्रावर नको. काय घेऊन सही करायची, ते पुढे लिहिते.

त्याआधी तुमच्या मनातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. तुम्हाला वाटतंय की तुम्ही दुटप्पी वागणार आहात. मी तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही त्या नऊ मुद्द्यांची यादी दिली आहे, ती इथे थोडक्यात सांगते, कारण वाचकांनाही ती कळायला हवी. रात्री दहानंतर येणाऱ्या काँक्रीटच्या गाड्या. खोदाईमुळे तुमच्या जिन्याच्या भिंतीला गेलेले तडे. धूळ. फुटपाथवर ओतलेली वाळू. तोडलेला गुलमोहर. बोअरवेल आटली म्हणून सुरू झालेले टँकर. तुंबणारं ड्रेनेज. रस्त्यावर लागणाऱ्या गाड्या. आणि नववा मुद्दा, मजुरांच्या बायकांना आंघोळीला साधा आडोसाही नाही. यात ‘इथे जास्त माणसं राहायला येऊ नयेत’ असा मुद्दा एकही नाही. तुमचा राग बांधण्याच्या पद्धतीवर होता आणि तो योग्यच होता.

तेव्हा तो अर्ज फायलीतून बाहेर काढा. शेजारच्या बिल्डरकडून आणि महापालिकेकडून जे मागूनही मिळालं नाही, ते आता तुमच्या स्वतःच्या करारनाम्यात घालता येतं. त्या वेळी तुम्ही बाहेरच्या होतात, तुमचा कागद कुठल्या टेबलावर पडून राहिला ते कुणी विचारलं नाही. आता जमीन तुमची आहे आणि बिल्डर तुमच्या दारात आला आहे. ही ताकद आयुष्यात एकदाच हातात येते, करारावर सह्या होईपर्यंतच टिकते.

माणसं वाढण्याबद्दलही थोडं बोलू, कारण ती भीती तुमच्या पत्रात ओळीओळींमधून दिसते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकच विकास नियमावली लागू झाली. तिच्यात गावठाणाबाहेरच्या भागासाठी एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर मूळ १.१ वर थांबावं लागतं. नऊ ते बारा मीटर असेल, तर पैसे भरून घ्यायचा ०.५ आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा विकत आणलेला बांधकामाचा हक्क, ०.४ मिळून तो २ होतो. त्याखेरीज जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी निवासी इमारतीला आणखी ६० टक्क्यांपर्यंत क्षेत्र मिळतं. तुमच्या साडेनऊ गुंठ्यांवर, म्हणजे साधारण १०,३०० चौरस फुटांवर, हे बांधकाम ३३ हजार चौरस फुटांच्या आसपास जातं. आज १६ स्वयंपाकघरं आहेत, उद्या पस्तीसेक असतील. गल्लीतल्या अकराही प्लॉटवर हेच झालं, तर माणसं दुपटीहून जास्त होणार. हे मी गोड करून सांगणार नाही.

२०२० मध्येच पुणे महापालिकेने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा शहरात किती वाद झाला, ते तुम्हाला आठवत असेल. त्यामागचं कारण हेच. नऊ मीटर झाल्याशिवाय टीडीआर वापरता येत नाही आणि टीडीआरशिवाय जुन्या सोसायट्यांचं गणित बसत नाही. तुमच्या गल्लीत सात मजले झाले, म्हणजे तुमचा रस्ता कागदावर तरी नऊ मीटर आहे. प्रत्यक्षात तो किती आहे, हे टेप लावून मोजा. सहाचे नऊ मीटर करायचे, तर नवी इमारत होते तेव्हा कुंपणाची भिंत प्रत्येक बाजूला दीड मीटर मागे घ्यावी लागते. ज्या पाच इमारती झाल्या, त्यांनी ती घेतली का? घेतलेली जागा रस्त्याला मिळाली, की तिथे त्यांच्याच गाड्या लागतात? हा प्रश्न सात मजल्यांपेक्षा मोठा आहे, कारण आगीचा बंब आणि ॲम्ब्युलन्स त्या दीड मीटरावर अवलंबून असतात.

तरीही कोथरूडमध्ये जास्त माणसं राहिलेली मला चालतील. का, ते सांगते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. तिथे आज हजारो कुटुंबं टँकरच्या पाण्यावर राहतात आणि कामाला जायला दीड-दोन तास गाडी चालवतात. तुमच्याकडे वनाजपासून मेट्रो आहे, ती मार्च २०२२ मध्ये सुरूसुद्धा झाली. शाळा, दवाखाने, मंडई, नाट्यगृह पायी जाण्याच्या अंतरावर आहे. एखादं तरुण जोडपं इथे घर घेऊन मेट्रोने कामाला गेलं, तर एक चारचाकी पौड रस्त्यावर कमी येते. आणि इथे घरं बांधली नाहीत, तर ती होणारच नाहीत असं थोडंच आहे? ती म्हातोबाच्या टेकडीकडे सरकतील, गावांमधल्या ओढ्यांच्या काठांवर सरकतील. टेकडीवर सकाळी चालायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

माणसं वाढली की पाणी, ड्रेनेज आणि चालायची जागाही वाढली पाहिजे. ते आपल्याकडे होत नाही, ही खरी तक्रार. वाढीव एफएसआयचे आणि विकासशुल्काचे पैसे बिल्डर महापालिकेत भरतो. तुमच्या गल्लीतल्या पाच इमारतींनी भरलेल्या पैशातून तुमच्या गल्लीची ड्रेनेजची लाइन बदलली का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. एकटीने विचारू नका, अकराही सोसायट्यांमधल्या सभासदांनी आपापल्या नावाने विचारा. ज्या पाच इमारतींवर तुमचा राग आहे, त्यांतली नवी माणसं याबाबतीत तुमच्याच बाजूची आहेत, त्यांच्याही बाथरूममध्ये तेच पाणी तुंबतं. नागरिकांनी कामं सुचवायची सहभागी अंदाजपत्रकाची सोय पुण्यात २००६-०७ पासून आहे. फुटपाथ, दिवे, बसायचे बाक अशी छोटी कामं त्यातून होतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो.

आता करारनाम्याकडे येऊ. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मी भाजून निघालेली आहे. मुंबईच्या उपनगरात आमच्या आईवडिलांची इमारत अशीच पाडली गेली. मोठ्या उत्साहाने सगळ्यांनी सह्या केल्या, पेढे वाटले. चौदा महिन्यांनी बिल्डरकडून भाडं येणं थांबलं. काम चौथ्या स्लॅबवर दोन वर्षं उभं राहिलं. वडील भाड्याच्या घरातच गेले. नव्या घराची किल्ली आईने एकटीने घेतली. करारनामा मी नंतर वाचला. त्यात मुदत चुकली तर दंड नव्हता, बँक गॅरंटी (बिल्डरने शब्द मोडला तर बँक पैसे देईल अशी हमी) नव्हती आणि बिल्डर बदलण्याचा अधिकार इतक्या गोलमोल भाषेत होता, की तो वापरायलाच वकिलाची वर्षं गेली. तुमच्या मैत्रिणीचं वय ७४ आहे. तिच्यासाठी लिफ्टइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे ती वेळ.

म्हणून क्रम असा ठेवा. सर्वांत आधी नोंदणीचं प्रमाणपत्र काढून बघा, तुमची खरंच सहकारी सोसायटी आहे, की १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट. पुण्यात बोलताना सगळेच सोसायटी म्हणतात आणि निम्म्या लोकांना फरक माहीत नसतो. अपार्टमेंट असेल, तर ७९ (अ) चे नियम तसेच्या तसे लागत नाहीत, संमतीचं गणितही वेगळं होतं. मग प्रॉपर्टी कार्ड बघा. जमीन अजून मूळ बिल्डरच्या किंवा जमीनमालकाच्या नावावर असेल, तर आधी मानीव अभिहस्तांतरण करून घ्या, म्हणजे मालकाने स्वतः करून दिलं नाही तरी सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर होते. जमीन नावावर नसताना बोलणी सुरू करणाऱ्या सोसायटीला कमी भाव मिळतो.

त्यानंतर सोसायटीने स्वतःचा प्रकल्प सल्लागार नेमायचा. बिल्डरने सुचवलेला नाही. त्याची फी सोसायटीने द्यायची, मग तो तुमचं ऐकेल. तो तुमच्या प्लॉटवर किती बांधकाम बसतं आणि त्यातलं सभासदांना किती मागता येतं, याचा अहवाल देईल. तो अहवाल हातात नसताना ‘आम्हाला ३० टक्के जास्त कार्पेट (घराच्या भिंतींच्या आतली वापरायची जागा) मिळतंय’ या वाक्याला काही अर्थ नाही. कुणाच्या तुलनेत जास्त, तेच माहीत नसतं. बिल्डर निवडीच्या सभेला उपनिबंधकांचा प्रतिनिधी हजर असावा आणि चित्रीकरण व्हावं, असं शासन निर्णयात आहे. तो निर्णय मार्गदर्शक स्वरूपाचा आहे असं न्यायालयांनी म्हटलेलं असलं, तरी तुम्ही तो बंधनकारक असल्यासारखाच पाळा. पुढे भांडण झालं, तर इतिवृत्त आणि चित्रीकरण एवढंच हातात राहतं.

प्रकल्प महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवला म्हणजे आपण सुरक्षित, असा समज सगळीकडे आहे. ती नोंदणी मुख्यतः नवी घरं विकत घेणाऱ्यांच्या कामाची. जुन्या सभासदाचा आधार म्हणजे नोंदणी केलेला विकास करारनामा आणि प्रत्येकाच्या नावाचा पर्यायी घराचा करार. घर रिकामं करण्याआधी हे दोन्ही, बांधकामाची मंजुरी आणि बँक गॅरंटी, चारही हातात हवेत. एक जरी कमी असेल, तरी किल्ली देऊ नका, मग चेअरमन कितीही घाई करोत. भाडं दरवर्षी किती वाढणार, उशीर झाला तर दर महिन्याला किती दंड, किती महिने काम थांबलं की करार संपतो, हे आकड्यांत लिहून घ्या.

मेंटेनन्सचाही विचार आत्ताच करा. दोन लिफ्ट, जनरेटर, पंप, आग विझवण्याची यंत्रणा, यांत्रिक पार्किंग, हे सगळं आलं की महिन्याचा खर्च आजच्या कित्येक पट होतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना नवं घर मिळतं आणि दोन वर्षांनी तेच विकून लांब जावं लागतं, असं मी पाहिलं आहे. कॉर्पसची, म्हणजे बिल्डर सोसायटीला देतो त्या निधीची, रक्कम मागताना तिच्या व्याजातून तुमच्या १६ घरांचा वाढीव मेंटेनन्स निघेल का, एवढंच गणित करा. बाथरूममधल्या परदेशी टाइल्सपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आणि आता तुमचे नऊ मुद्दे. ते करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडा. रात्री दहा ते सकाळी सात काम बंद. खोदाईआधी शेजारच्या इमारतींची आतून-बाहेरून फोटोसह पाहणी, आणि तडे गेले तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने. वाळू आणि खडी प्लॉटच्या आतच. मजुरांसाठी शौचालय, न्हाणीघर, प्यायचं पाणी. पावसाचं पाणी मुरवण्यासाठी शोषखड्डे, नुसते नकाशात नकोत, प्रत्यक्ष दाखवलेले. पाहुण्यांच्या गाड्या आत लावायची जागा. हे तुम्ही शेजाऱ्यासाठी मागताय, ज्याने तुमच्यासाठी मागितलं नव्हतं. म्हणूनच मला ते फार मोलाचं वाटतं. गल्लीतल्या उरलेल्या पाच सोसायट्या हाच कागद पुढे वापरतील, तुम्ही तो त्यांना देऊन ठेवा.

जांभळाचं झाड वेगळं सांगते. इमारतीच्या आधीपासूनचं म्हणताय, म्हणजे पन्नाशीच्या आसपास असेल. वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि ते तोडण्याचे नियम बरेच कडक आहेत. झाडाचं वय एखाद्या वनस्पतितज्ज्ञाकडून आत्ताच ठरवून घ्या. फाटकाशी आहे, म्हणजे पुढच्या मोकळ्या जागेत येतं. आर्किटेक्टला पहिल्या रेखाटनाआधी सांगितलं, तर गाड्यांचा उतार दुसऱ्या बाजूला घेता येतो. नकाशा मंजूर झाल्यावर सांगितलं, तर झाडालाच जावं लागतं. बिल्डर ‘दुसरीकडे लावू’ म्हणेल. एवढी जुनी जांभळं उचलून लावली की सहसा जगत नाहीत, त्यावर समाधान मानू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत इस्त्रीवाल्या काकांचा उल्लेख केला आहे. जिन्याखाली २६ वर्षं त्यांचं टेबल आहे. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. कायद्याने त्यांना काही मिळत नाही. वॉचमनच्या कुटुंबाला नाही, तुमच्याकडे भाड्याने राहणाऱ्यांनाही नाही. पस्तीस घरांच्या कपड्यांना मात्र इस्त्री लागणारच आहे. पार्किंगमध्ये सहा फूट बाय आठ फुटांची जागा, विजेच्या मीटरसह, सोसायटीच्या मालकीची ठेवा आणि काकांना वापरायला देण्याचा ठराव आजच करा. १६ जणांत हा ठराव होईल. पस्तीस जणांत, त्यातले निम्मे काकांना न ओळखणारे असताना, तो होणं अवघड आहे.

एक शंका उरते. हे सगळं मागितलं आणि बिल्डरने नाही म्हटलं तर? काही गोष्टी तो मान्य करील, काहींवर घासाघीस होईल. भाडं, मुदत, दंड आणि गॅरंटी यांवर तडजोड करू नका, बाकीचं सभेत ठरवा. आणि तो बँक गॅरंटी द्यायलाच तयार नसेल, तर मात्र तुमचं ‘विचार करू’ हे उरलेल्या बारा जणांनाही ऐकवण्याची वेळ आली, असं समजा. तेव्हा मोकळेपणाने विरोध करा, तो इतिवृत्तात नोंदवायला लावा. दुसरे बिल्डर आहेत. सोसायटीने स्वतः कर्ज काढून बांधायचा स्वयंपुनर्विकासाचा मार्गही आहे. १६ जणांच्या सोसायटीत बांधकाम कळणारे आणि हिशोब कळणारे दोघे-तिघे असतील, तर तो अहवालात तपासायला सांगा. बँकेत आयुष्य गेलेल्या एक बाई तर तुमच्याकडे आहेतच.

राहिली तुमची मैत्रीण. ती रागावली, कारण तिला वाटलं तुम्ही गल्लीचा विचार केलात आणि तिचा नाही. तिच्या जागी मीही रागावले असते. आठवड्यातून एकदा जमीन बघणाऱ्या बाईसाठी ‘जरा विचार करू’ म्हणजे आणखी काही महिने तिसरा मजला. सभेची वाट बघू नका, आज संध्याकाळीच वर जा. अर्जाची प्रत बरोबर न्या, नऊही मुद्दे तिला वाचून दाखवा. मग मधल्या अडीच-तीन वर्षांसाठी तिला लिफ्ट असलेलं भाड्याचं घर कुठल्या गल्लीत हवं, नव्या इमारतीत पहिला मजला हवा की वरचा, बाथरूममध्ये धरायला दांडा कुठे हवा, हे सगळं तिला विचारा आणि दहावा मुद्दा म्हणून तिच्याच अक्षरात लिहून घ्या.